नव्या कोर्टाचा दरवाजा

गजराबाईंनी नव्या कोर्टाच्या पायरीशी चपला काढल्या आणि हत्ती जाईल एवढ्या मोठ्या, नक्षीदार दरवाजाबाहेर त्या हात जोडून उभ्या राहिल्या. इमारतीचा दरारा वाटावा, ही बांधकाम खात्याची इच्छा होती. ती पुरी झाली.

जुनं कोर्ट भाड्याच्या गोदामात भरायचं, तेव्हा त्या थेट आत शिरून विचारायच्या, "आमच्या नातीचा ताबा कधी देताय?"

आज पुकारा झाला, तरी त्या हलल्या नाहीत. अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज फेटाळला गेला.

"मावशी, तीनदा नाव घेतलं की!" शिपाई हळहळला.

"ऐकलं बाबा. पण एवढ्या गाभाऱ्यात आपण होऊन कसं शिरायचं? कुणी न्यायला येईल म्हटलं."

आईवेगळी पोर बापामागून बाहेर आली. "आजी, मी नको होते का तुला?"