मुरीची डावी बाजू

बरणीचं झाकण उघडलं तसा फॉर्मॅलिनचा भपका खोलीभर पसरला, आणि गोपिकानं पदर नाकाला लावला तो अंकितकडे बघतच. राग वासाचा होता की त्याचा, हे विचारायची गरज नव्हती. सकाळपासून तिनं चहाला हात लावला नव्हता, कारण चहा खदानवाल्यांकडून आला होता.

सिव्हिल लाइन्समधली ती सरकारी खोली. मौद्याकडच्या टेकडीवर गिट्टीची खदान निघायची होती आणि टेकडीखालून वाहतो भुरकीचा नाला. गोपिकाच्या गावच्या विहिरी त्याच नाल्यावर जगतात. नाल्यात मुरी नावाची बोटभर लांबीची मासोळी मिळते. मुऱ्या तशा सगळ्याच नाल्यांत असतात, त्यांना कुणी विचारत नाही. पण जिच्या डोळ्याखाली, कातडीच्या घडीत, दोन टोकांचा काटा दडलेला असतो, ती मुरी या नाल्याबाहेर आजवर कुणाला मिळालेली नाही. काटा असला तर खदान रद्द, नसला तर नाला बुजणार. सगळं त्या बरणीतल्या एकाच माशावर येऊन थांबलं होतं, कारण उन्हाळ्यानं नाल्यात डबकी तेवढी ठेवली होती आणि दुसरी मुरी काही सापडली नव्हती.

मासा पकडला गोपिकानं, पण निकाल देणाऱ्या सरकारी साहेबांनी तो जपून ठेवायला दिला अंकितकडे, कारण खदानवाल्यांसाठी पाहणी करणारा प्राणिशास्त्रज्ञ तोच. मांजराला दुधाची राखण! आणि मांजरानं मांजराचंच काम केलं. परवा दार लावून त्यानं मासा ताटलीत ठेवला, सवयीनं तोंड डावीकडे करून. बारीक चिमट्यानं काटा उपटला, कातडीची घडी सारखी केली, भिंगातून पाहिलं. साधी मुरी. त्या रात्री त्याला झोपही छान लागली.

झोप उडाली ती तपासणीला डॉ. जयवंता मेश्राम येणार हे कळल्यावर. कॉलेजात त्यांनीच त्याला मासे ओळखायला शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, सोलून काढलं होतं. आज खोलीत शिरताना त्यानं वाकून नमस्कार केला, तर त्या त्याच्याकडे न बघता खुर्ची ओढून बसल्या. भल्या माणसाला निदान मान तरी हलवावी! अंकितला राग आला, पण चोराच्या मनात चांदणं, तोही समोर खुर्ची ओढून बसला.

जयवंताबाईंनी मासा पांढऱ्या ताटलीत ठेवला, तोंड डावीकडे. अंकितच्या जिवात जीव आला. त्या एकेक खूण सांगत गेल्या आणि साहेब लिहून घेत गेले. तोंडाभोवती सहा मिशा. शेपटी दुभंगलेली नाही. अंगावरचे पट्टे फिके पडलेत, त्यांचा भरवसा धरू नका. मग त्यांनी सुई उचलली आणि डोळ्याखालची घडी उघडली.

"काटा नाही," त्या म्हणाल्या.

गोपिका ताडकन उठली. "होता. पकडतानी मह्या बोटाले टोचला तो. यानंच काढला असन."

अंकितनं तिच्याकडे पाहिलंही नाही. सबूत असेल तर दाखवा, नाहीतर खाली बसा, असं तो थंडपणे म्हणाला. गोपिका बसली नाही. गावात ये एकदा, मग दाखवीन सबूत, असं ती म्हणाली, आणि साहेबांना टेबलावर हात आपटावा लागला. मग साध्या मुरीचा शेरा मारू का, असं त्यांनी जयवंताबाईंना विचारलं आणि पेन कागदावर टेकवलंही. त्यांना उत्तर ठाऊकच होतं जणू.

बाई भिंग डोळ्याला लावून त्या घडीकडे बघत राहिल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी अंकितकडे तोंड वळवलं.

"तुले मी वर्गाबाहेर काहून काढलं होतं, आठवते का?"

त्यांच्या तोंडची ती घरगुती बोली ऐकून अंकित सैलावला. शेवटी आपल्याच बाई आहेत, त्याला वाटलं. आठवत कसं नाही? भर वर्गात त्यांनी त्याची ताटली उचलून मोरीत फेकली होती आणि ओरडल्या होत्या की माप डाव्या बाजूचं, फोटो डाव्या बाजूचा, माशाला दुसरी बाजूच नाही असं समज. पोरं फिदीफिदी हसली होती. पुढे कितीतरी दिवस तो अपमान त्याला जेवताना आठवायचा.

"मासा उलटा ठेवला होता, मॅडम. उजवी बाजू वर." तो आता हसतही होता. "तेव्हापासून आजवर एकदाही ठेवला नाही."

"माहीत आहे मले," जयवंताबाई म्हणाल्या, आणि चिमट्यानं मासा उलटा केला.

अंकितचं हसू तोंडावर तसंच राहिलं. गोपिका टेबलावर वाकली. सुई उजव्या डोळ्याखालच्या घडीत शिरली आणि अडली.