सातजणींच्या गोळ्या

डॉक्टरीणबाईंनी तेच पुन्हा विचारलं, "कुठली औषधं चालू होती हिला?"

"काही नाही," भाऊ म्हणाला.

पलंगावरची बहीण त्याच्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं, पण सकाळपासून तोंडातून शब्द फुटत नव्हता. उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता. चार दिवस डोकं दुखतंय म्हणून ती सांगत होती. नाचून नाचून शीण आला असेल, म्हणत त्यानेच ते हसण्यावारी नेलं होतं.

त्याचं औषधांचं दुकान होतं. नाचाच्या पथकाचा दौरा ठरला तेव्हा बहिणीने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागितल्या. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. घरच्या माणसाला कसली आलीय चिठ्ठी! दहा दिवसांचा दौरा महिनाभर लांबला, तसा ती मधे घरी आली की मागेल तितकी पाकिटं तो देत गेला. आता खरं बोलावं तर दुकानाचा परवाना जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मेंदूतल्या शिरेत गुठळी झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात ती उगाच होत नाही. कारण कळलं नाही, तर पुन्हा होईल."

बहिणीने डाव्या हाताने चादर घट्ट धरली. त्याने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भराभर लिहिलं, नर्सला औषध चढवायला सांगितलं. मग वळून विचारलं, "आणखी कुणाला दिल्यात?"

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. बहीण पाकिटं एकटीसाठी नेत नव्हती. पथकात सातजणी होत्या.

व्हरांड्यात उभा राहून तो एकेकीला फोन लावू लागला. एकीने गोळ्या कधीच बंद केल्या होत्या. दुसरीला थट्टा वाटली. तिघींनी निमूट ऐकून घेतलं. शेवटचा फोन मुलीच्या आईने उचलला. दुपारचे बारा वाजत आले होते.

"निजलीय हो ती," आई समाधानाने म्हणाली. "काल डोकं फार ठणकत होतं, म्हणून मीच तुमच्याकडून गोळी नेली ना. चांगली लागू पडली बघा. मघापासून चार हाका मारल्या, पण उठायचं नाव घेत नाही."