भाकरीची थाप

बांगलादेशच्या लढाईवरून परतलेला कानिफनाथ भाकरीची थाप ऐकली तरी जमिनीवर पालथा पडायचा. म्हणून त्याची बायको मनकर्णा भाकरी थापायचीच नाही, बोटांनी दाबून पसरायची. सासू म्हणायची, बाहेरची बाधा हाय. नगरच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, “लढाईचा धसका आहे, बरा होतो. आवाज लपवू नका, हळूहळू त्यालाच काढू द्या.” आज तिनं परात नवऱ्यापुढं सरकवली. “तुमीच थापा.” “मोडंल की गं!” “रेशनच्या मिलो ज्वारीची हाय, माझीबी मोडती.” पहिल्या थापेला त्याला दरदरून घाम फुटला, पण तो हलला नाही. मग हात बसला आणि गडी चक्क हसला. भिंतीपल्याडून शेजारच्या रंगुबाईनं हाक मारली, “मनकर्णे, आता आमीबी थापू का गं?” मनकर्णानं नवऱ्याकडं पाहिलं. कानिफनाथच ओरडला, “थापा की, काकू!” वर्षभर मुकी राहिलेली आळी भाकऱ्यांच्या थापांनी दणाणून गेली.