अंगणातली तिवराची मुळं

खाडीकाठच्या तिवराची मुळं श्वासासाठी चिखलातून वर येतात, बोटांसारखी ताठ. त्या वर्षी ती आमच्या अंगणापर्यंत आली आणि पायाला टोचू लागली. सकाळी ओहोटी बघून मी कोयता घेतला. आत खाटेवर आमच्या ह्यांची छाती दम्याने घरघरत होती.

पहिलं मूळ छाटलं, तशी घरघर क्षणभर थांबली. दुसरं छाटलं, पुन्हा थांबली.

"भावजींना तुमच्या कोयत्याची अंगाई मानवली बरं का!" जाऊबाई म्हणाली.

हसत हसत आम्ही जवळजवळ सगळं अंगण साफ केलं. कुंपणाशी चारच मुळं राहिली.

आत गेले, तर ह्यांचे ओठ निळे पडले होते. माझं मनगट धरून म्हणाले, "ती चार राहू दे गं."

खाटेवरून अंगण दिसत नाही.

जाऊबाई डॉक्टरांकडे धावली. दुपारी भरती आली, तशी मी कुंपणाशी धावले. एरवी मुळांची टोकं उघडी राहायची, पण त्या दिवशी उधाण होतं. एकेक टोक बुडालं, आणि दर वेळी घरघर बारीक झाली.

शेवटच्या टोकाभोवती मी दोन्ही तळव्यांचं आळं केलं.

बोटांच्या फटींतून पाणी आत येऊ लागलं.