जरा कडक गादी

“ही नको. पुढची दाखवा,” बाई म्हणाली.

दुकानदाराने पुढची गादी काढली. सकाळपासूनचं त्याचं हसू एव्हाना थकलं होतं. बाई तर दुकानात शिरली तीच थकलेली. खांद्यावर आठ महिन्यांचं बाळ, आणि डोळ्यांखाली तितक्याच महिन्यांचं जागरण.

तिने गादीवर तळहात दाबून उचलला. हाताचा ठसा तसाच राहिला.

“हीपण नको. बाळ पालथं झालं तर नाक रुतेल.”

“अहो ताई, लहान जीव आहे, मऊच हवं की त्याला. हात फिरवून बघा, लोणी आहे लोणी.”

“लोणी खायला बरं. झोपायला नको.”

तिचा नवरा मागे स्टुलावर बसून पेंगत होता. कॉट कुणाकडून तरी जुनी मिळाली होती. ती मजबूत होती, पण तिच्या गादीला मध्येच खड्डा पडला होता. कॉटचं माप नवऱ्याने तळहातावर लिहून आणलं होतं आणि घामाने ते निम्मं पुसलं होतं. शेवटी सोबतच्या पोरीनेच तोंडपाठ सांगितलं.

“चला, एकाचं तरी डोकं ठिकाणावर आहे,” तो म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

पोरगी विशीची, किडकिडीत, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी. संस्थेने तिची गाठ घालून दिली होती. बाळाला सवय व्हावी म्हणून गेले काही दिवस ती रोज घरी येत होती. बाळाने मात्र सवय करून घ्यायचं अजिबात मनावर घेतलं नव्हतं. तिने उचललं की ते भोकाड पसरायचं, बाईकडे आलं की गप्प.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण ते झोपायचंही फक्त बाईच्या खांद्यावर. गादीला पाठ टेकली की त्याला विंचू चावल्यासारखं व्हायचं. रात्र रात्र दोघं नवराबायको आळीपाळीने त्याला घेऊन फेऱ्या मारत. फरशी झिजायची तेवढी बाकी होती.

आणि आजपासून सगळं या पोरीच्या अंगावर पडणार होतं. बाळ हिच्याजवळ झोपलंच नाही तर काय, या विचाराने बाईचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून तर एवढी गादीची उस्तवार.

“मावशी, ही कशी आहे?” पोरीने अस्वलांची चित्रं असलेल्या जाडजूड गादीवर हात ठेवला. हात मनगटापर्यंत आत गेला.

“अगं, काय सांगतेय मी मघापासून? मऊ नको!”

पोरीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“ओरडू नकोस तिच्यावर,” नवरा उठला. “तू बस गं इथे. दमशील उगाच.”

दुकानदाराला गंमत वाटली. कामाच्या मुलीला स्वतःचं स्टूल देणारा मालक त्याने अजून पाहिला नव्हता. आजकाल चांगली माणसं टिकवायची तर असे लाड करावे लागतात, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

“नोकरीवर रुजू होताय वाटतं, ताई?”

“हं,” बाई म्हणाली आणि त्याने काढलेली पुढची गादी उलटी करून शिवण बघू लागली.

ही गादी तिला पटली. दाबली की लगेच पूर्ववत होत होती, खोळ काढून धुता येत होती, वासही नव्हता. नवऱ्याने सुटकेचा एवढा मोठा निःश्वास टाकला की बाळ दचकलं.

टॅक्सीत बाईने पोरीला पुन्हा एकदा सगळं घोकायला लावलं. “उशी नको. आजूबाजूला खेळणी नकोत. पांघरूण तोंडावर येता कामा नये. काही वाटलं तर मला फोन कर.”

“रात्री केला तर चालेल?”

“कधीही कर.”

“मावशी, माझ्याजवळ झोपलंच नाही तर?”

“झोपेल. गादी चांगली असली की झोपतात मुलं.”

बाईचा स्वतःचाच यावर विश्वास नव्हता. तिला रडू येत होतं. ते तिने झोपेच्या नावावर खपवलं आणि डोळे चोळले. नवरा गादीच्या प्लॅस्टिकवर गाल टेकून घोरत होता.

तीन जिने चढून वर येईतो पोरीला धाप लागली. संस्थेच्या मॅडम आधीच येऊन दाराशी थांबल्या होत्या. पोरीने पर्समधून किल्ली काढून दार उघडलं.

खोली छोटी पण लख्ख होती. भिंतीलगत कॉट. नवऱ्याने गादी आत बसवली. बाईने चारही कडांना बोट घालून पाहिलं. कुठे फट नव्हती.

“घे,” ती म्हणाली आणि बाळ पोरीच्या हातात दिलं.

बाळाने घर डोक्यावर घेतलं. बाई नकळत पुढे झाली. नवऱ्याने तिचं कोपर धरून ठेवलं. पोरीने बाळाला नव्या गादीवर उताणं निजवलं, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि काहीबाही पुटपुटत राहिली. घाबरली होती, पण हात काढला नाही. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांची उचकी झाली. मग बाळाने अंगठा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

आता उठेल, आता उठेल, म्हणून बाई वाट पाहत राहिली. ते उठलं नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण ती आपला रिकामा खांदा चोळत राहिली.

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“चला, निघूया,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आठ महिने दुसऱ्याचं लेकरू सांभाळलंत तुम्ही. आता त्याची आई बरी होऊन आलीय त्याच्याजवळ.”