संध्या गात नाही

“टँकरवाला धा मिनिटं हॉर्न वाजवत होता. सारी गल्ली गोळा झाली, तुझी बायको काही खाली आली नाय,” सरूबाईनं आकाशला जिन्यातच गाठलं. ती खालच्या मजल्यावर राहायची. “वर जाऊन दार बडवलं मी. आतून कडी होती.”

“झोपली असंल, मावशी.”

“असंल. सकाळी अकराला.” सरूबाईनं पदर खोचला. “हंडे कोरडे राहिले तुमचे म्हणून सांगितलं. बाकी मला काय करायचंय.”

आकाश चिकलठाण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला होता. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. पुंडलिकनगरात आठवड्यातून एकदा नळ यायचा, तोही तासभर. अशात घरात असून टँकर चुकवणारी बाई त्यानं पाहिली नव्हती.

वरचं दार आता सताड उघडं होतं. संध्या पोरीला मांडीवर घेऊन दाराकडं तोंड करूनच बसली होती.

“टँकर आला होता म्हणं.”

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. “व्हय. डोळा लागला माझा.”

हे टक लावून बघणंही अलीकडचंच. थाप पचली की नाही ते पाहत असावी, असं त्याला वाटून गेलं.

मोतीरामकाकांच्या गायन पार्टीत त्यांची ओळख झाली होती. संध्या गायची, आकाश ढोलकीवर. जयंतीच्या महिन्यात देवगाव रंगारीपासून जालन्यापर्यंत कार्यक्रम असायचे. एकदा वीज गेली, माईक बंद पडला, तरी तिनं गाणं सोडलं नाही आणि शेवटच्या रांगेतला माणूसही उठला नाही. त्या कार्यक्रमानंतर परत येताना जीपमध्ये आकाशनं तिला लग्नाचं विचारलं होतं.

मग पारमिता झाली. बाळंतपणात संध्या पंधरा दिवस तापानं फणफणली. उठली ती गाणं सोडूनच. आता पोरगी आठ महिन्यांची होती.

मोतीरामकाका दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला ते चहा न घेता समोर बसले.

“पोरगी लहान हाय, कबूल. मांडीवर घेऊन गा. माझी माय मला पाठीशी बांधून गायची.”

“नको, काका. ते आता माझ्याच्यानं व्हायचं नाय.”

“का, ते तरी सांग.”

संध्यानं पोरीचं झबलं नीट केलं. काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग आकाशकडं. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, “घरात काही बिनसलंय का रे?”

आकाशलाही तेच कोडं होतं. बाई गाणं सोडते ते एकवेळ समजता येतं; पण पोटच्या पोरीला साधी अंगाई नाही? एका रविवारी त्यानंच ढोलकी काढली. पारमिता पाय झाडत हसायला लागली. तेवढ्यात संध्या आली आणि तिनं ढोलकीच्या कातडी पुडीवर तळवा टेकवला. आकाशचे हात थांबले.

“नको का वाजवू?”

“वाजवा की,” ती म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते आणि तळवा तिथंच होता. त्यानं ढोलकीला गवसणी घातली. त्यानंतर त्यालाही वाजवावंसं वाटेना.

एकदा मात्र पोरीला न्हाऊ घालताना ती गुणगुणली. आकाश मोरीच्या दाराबाहेर उभा राहिला. सूर पार उतरलेला होता, तिचा कधीच उतरत नसे. मन दुसरीकडं असल्यावर असंच व्हायचं, तो मनाशी म्हणाला. मागं वळून त्याला पाहताच ती दचकली आणि गप्प झाली.

मन कुठं आहे, ते मंगळवारी कळलं. फोन केला तर ती कधी उचलत नसे, पण मेसेजला क्षणात उत्तर द्यायची. मोबाइल सदा कमरेला खोचलेला. त्या दिवशी तो ओट्यावर राहिला आणि थरथरला. आकाशनं उचलला.

‘शुक्रवारी अकराला या. घरी सांगितलंत का?’ पाठवणाऱ्याचं नाव होतं, श्रीनिवास सर.

वर तिचा आधीचा मेसेज होता. ‘त्यांना सोसणार नाही.’

त्यानं मोबाइल होता तसा ठेवला. जेवताना विचारलं, “शुक्रवारी कुठं जायचंय का तुला?”

“नाय. मी कुठं जाणार पोरीला घेऊन?”

शुक्रवारी आकाशनं खाडा केला. गल्लीच्या तोंडाशी रसवंतीच्या आडोशाला तो थांबला. साडेदहाला संध्या निघाली. इस्त्रीची साडी, कडेवर पारमिता. ती रिक्षात बसली. तो मोटारसायकलवर मागं. जालना रोड ओलांडून रिक्षा एका जुन्या बंगल्याशी थांबली. संध्या वळसा घालून मागच्या खोलीत गेली. सवयीची वाट असल्यासारखी.

आकाश फाटकाशी उभा राहिला. आत जाऊन काय बघायला मिळेल, याची त्याला भीती वाटत होती. दहा मिनिटांनी तो गेला.

उकाड्यानं दार अर्धं उघडं होतं. संध्या पाठमोरी बसली होती, पोरगी खांद्याशी. समोर अगदी जवळ पन्नाशीचा, चष्मा लावलेला माणूस. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज दारापर्यंत येत नव्हता. परक्या बाईशी इतकं हळू बोलण्यासारखं काय असतं? आकाशचं डोकं भणाणलं. त्यानं दार धाडकन भिंतीवर आपटलं आणि ओरडून हाक मारली, “संध्या!”

त्या माणसानं दचकून वर पाहिलं. बापाचा आवाज ओळखून पारमितानं मान वळवली आणि ती हसली.

संध्या वळली नाही. त्या माणसाच्या ओठांवरची नजर न हलवता ती म्हणाली, “सर, ‘आई’ परत एकदा म्हणून दाखवा. पोरगी पहिल्यांदा म्हणंल तवा ऐकू तर येणार नाय, निदान मला दिसलं तरी पाहिजे.”