चौथा रकाना

चौथा रकाना आजही कोराच होता.

प्रगती मॅडमनी वहीची पानं पुढेमागे उलटून पाहिली. डहाणूच्या व्यसनमुक्ती केंद्रातला हा सहावा मंगळवार, म्हणजे शेवटचा. घरी राहून उपचार घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी सहा बैठका ठरलेल्या होत्या, आठवड्याला एक. प्रत्येकाला एक वही मिळे. वहीत चार रकाने: काय घडलं, मनात काय आलं, ते खरं कशावरून, आणि ते खोटं कशावरून.

सुदामने पहिले तीन रकाने रोजच्या रोज भरले होते. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, सांगितलेलं काम चोख करणारच. दुसऱ्या रकान्यात मात्र रोज तेच वाक्य होतं: 'माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.' तिसऱ्यात त्याचे पुरावे. बायको सरिता मुलीला घेऊन तलासरीला भावाकडे गेली, त्याला दोन वर्षं झाली, त्यांचं छान चाललंय. भात सुदामच्या धाकट्या भावाने लावला, त्यानेच कापला. कुत्रंसुद्धा शेजारच्या सुकीकडे जेवतं.

"पाच आठवड्यांत याच्या उलट एकही पुरावा सापडला नाही?" मॅडमनी विचारलं.

"नसलेला कुठून लिहू, मॅडम?"

"पण दारूला हात लावला नाहीत. कशाच्या जोरावर?"

सुदाम जरा लाजला. "फोनच्या," तो म्हणाला.

पहिल्याच बैठकीत मॅडमनी वहीच्या पुठ्ठ्यावर एक नंबर लिहून दिला होता. संध्याकाळी सातला तल्लफ येते म्हणता ना, तेव्हा हा लावा, म्हणाल्या होत्या. भीमाभाऊ म्हणून आहेत, तुमच्यासारखेच फौजी, यातूनच बाहेर आलेत.

त्याच संध्याकाळी सुदामने नंबर लावला. कुणी उचलला नाही. परत लावला. हुकूम म्हणजे हुकूम. तिसऱ्यांदा, वाजून वाजून बंद पडायच्या बेताला, कुणीतरी उचलला. तो धापा टाकत होता. मागे समुद्र ऐकू येत होता.

"भीमाभाऊ ना? मी सुदाम. मॅडमनी नंबर दिलाय."

पलीकडे आधी नुसती धाप ऐकू आली. मग, "थांबा जरा. हात ओले हायत." आणि थोड्या वेळाने, "हां. बोला ने."

सुदाम तासभर बोलला. दोन वर्षांत कुणी त्याला 'बोला' म्हटलंच नव्हतं.

तेव्हापासून रोज सात वाजता फोन. भीमाभाऊ फौजेबद्दल अवाक्षर काढत नसे. पलटण विचारली तर "जाऊ दे ते" म्हणे. असतात काहीजण तसे. तो बोलायचा ते बोंबलांचं, वाऱ्याचं, विकून टाकलेल्या होडीचं. उपदेश तर अजिबात नाही. काय तयारीचा माणूस शोधलाय मॅडमनी, असं सुदामला वाटे. फोन ठेवताना मात्र तो न चुकता विचारी, "उद्या लावाल ने?" केंद्राची ती पद्धत असणार, असं सुदामने ठरवून टाकलं होतं.

"कुठला फोन?" मॅडम विचारत होत्या.

"भीमाभाऊंचा. रोज लावतो की."

मॅडम हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. "भीमाभाऊ तर कालच तक्रार करत होते. पाच आठवडे वाट बघतोय म्हणे, तुमच्या पेशंटचा एकदाही फोन नाही." त्यांनी वही मिटून पुठ्ठा समोर धरला. "शेवटचा आकडा काय लावता?"

"नऊ."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, तो एक आहे! मराठी एक. बाकी आकडे इंग्रजीत लिहिले आणि शेवटचा सवयीने मराठीत पडला. चूक माझीच."

सुदाम उठला. वही घेतली, नमस्कार केला आणि एसटीत जाऊन बसला.

आधी त्याला लाज वाटली, मग राग आला. कुणा परक्या माणसासमोर आपण पाच आठवडे काळीज उघडं करून ठेवलं, आणि तो मजेत ऐकत बसला. राग ओसरला तेव्हा उरलं ते जुनंच, दोन वर्षं घरात मुक्कामाला असलेलं एकटेपण. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या स्टॉपवर उतरला तेव्हा समोर दारूच्या दुकानाचा दिवा लागला होता.

त्याने तिथेच वही उघडली आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'भीमाभाऊसुद्धा माझा नव्हता.' पेन खिशात टाकलं. रस्ता ओलांडला. दुकानदाराने त्याला ओळखलं, खाली वाकून नेहमीची बाटली काढून फळीवर ठेवली.

सात वाजून गेले होते. आधी त्या माणसाला चार शिव्या हासडायच्या, मग बूच उघडायचं. सुदामने नंबर लावला.

पहिली रिंग पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला. "आज उशीर झाला," पलीकडचा म्हणाला. "मला वाटलं आता काय तुम्ही लावत नाय."

"तू भीमाभाऊ नाहीस."

नुसता समुद्र ऐकू आला.

"नाय," तो शेवटी म्हणाला. "मी पांड्या. झाई गावचा."

"मग राँग नंबर आहे म्हणून पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? गंमत वाटली माझी?"

एव्हाना सुदामचा हात बाटलीवर गेला होता.

"त्या दिवशी मी फोन चपलांवर ठेवला होता, भाऊ, आणि पाण्यात चालत निघालो होतो," पांड्या म्हणाला. "कंबरेच्या वर पाणी आलेलं. तुमचा फोन काय थांबेना, म्हणून मागे फिरलो."